तिसऱ्यांदा विचारलं तर

टोरफिन, मिनेसोटा
१७ नोव्हेंबर १९९६

प्रिय लिनेट,

रविवारी फोनवर मी "सगळं छान आहे" म्हणाले ते साफ खोटं होतं. काय करणार, फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आणि तुझ्या आईंची खाट आता जेवणघरात. मधे दारसुद्धा नाही. खाट जेवणघरात कशी आली हे तू विचारलं नाहीस, कारण ती तिथं आणलीय हे मी तुला सांगितलंच नव्हतं.

तर आता सांगते. आईंचं हृदय थकलंय. सप्टेंबरपासून त्यांना जिना चढवत नाही. डॉक्टर भला माणूस आहे, पण शेवटी इथलाच. त्यानं मला बाजूला घेतलं, हवेबद्दल बोलला, तुझ्या भावाच्या मक्याची चौकशी केली, आणि मग म्हणाला, "येत्या उन्हाळ्यात सोलवेगबाईंनी बागेचा फार मोठा बेत आखू नये." मला वाटलं, गुडघ्यांबद्दल बोलतोय. घरी येऊन व्हर्लिनला तसंच्या तसं सांगितलं, तर तो खुर्चीत बसला तो उठेचना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्या भावाशी लग्न करून इथं येऊन अकरा वर्षं झाली, आणि आपल्या घरातलं माणूस जाणार आहे हे मला नवऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचावं लागलं. आमच्या क्वीन्समधल्या डॉक्टरनं "बाई, फार दिवस नाहीत" असं तोंडावर सांगितलं असतं, वर माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरूनही दोन शब्द ऐकवले असते.

मुद्द्याचं सांगते. आईंना तू हवी आहेस. तसं म्हणाल्या का? नाही. म्हणणारही नाहीत. पण दर शनिवारी मला वर पाठवून तुझ्या खोलीतल्या पलंगाची चादर बदलायला लावतात. तिथं कुणी झोपत नाही, चादर मळत नाही. मी विचारलं, "कुणी येणार आहे का?" तर म्हणाल्या, "छे गं, कोण येणार! घर नीट असलेलं बरं."

तू फोन कर आणि विचार, "आई, मी येऊ का?" त्या नको म्हणतील. पुन्हा विचार. त्या रस्त्यांचं, बर्फाचं, तुझ्या नोकरीचं काढतील. मग तिसऱ्यांदा विचार. तिसऱ्यांदा विचारलं तर त्या म्हणतील, "तुला इतकंच वाटत असेल तर बघ बाई." त्याचा अर्थ, धावत ये. हे मी, क्वीन्सच्या सनीसाइडमध्ये वाढलेली इटालियन पोरगी, तुला सांगतेय. तू जन्मलीस या स्वयंपाकघरात. दैवानं आपल्या दोघींना एकमेकींच्या गावात नेऊन टाकलं आणि वर मजा बघत बसलंय.

तिसरा प्रश्न तेवढा विसरू नकोस.

तुझी,
टेरी


६ डिसेंबर

प्रिय लिनेट,

तुझं पत्र ओसरीत उभ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बसले.

तू लिहितेस, "बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशी मी आईला विचारलं, चार दिवस राहू का? ती म्हणाली, नको, तुझं काम अडेल. मी कोट घातला आणि निघाले. गेली अठरा वर्षं मी तुझ्या क्वीन्समध्ये राहतेय. तिथं नको म्हणजे नको. माझ्या सख्ख्या आईला मी हवी आहे की नको, हे तीनतीनदा विचारायला मी काय दारोदार ब्रश विकत फिरणारी आहे?"

त्या दिवशी वरचा पलंग घातलेला होता, लिनेट. उशाशी धुतलेला टॉवेल होता, त्यावर साबणाची नवी वडी होती. हे मी तुला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं, आणि तू म्हणालीस, "मग तोंडानं का नाही बोलली?"

आणि चर्चबद्दल तू जे लिहिलंयस ते मी कुणालाच, व्हर्लिनलासुद्धा, वाचून दाखवणार नाही. नवऱ्याला, कर्टिसला, सोडून तू माहेरी परतलीस तेव्हा कुणी वावगा शब्द बोललं नाही. सगळे हसून "आज काय गारठा आहे" म्हणाले. आणि तुझ्या बाकावर कुणी बसलं नाही. आधी आर्डिस लिंडक्विस्ट पुढच्या ओळीत सरकली, मग हळूहळू सगळेच. तुझेच शब्द, "त्यापेक्षा तोंडावर थुंकले असते तर पुसून तरी टाकता आलं असतं." आणि खाली चर्चच्या तळघरात आई कॉफी ओतत होत्या, त्यांनी तुलाही ओतली, पण पाहुण्याला देतात तशी, बशीसकट. ही बशी मला ठाऊक नव्हती.

मी या लोकांची वकिली करत नाहीये. माझ्यावर काय कमी बेतलंय? इथं आल्यावर पहिल्यांदा चर्चच्या जेवणाला मी माझ्या आईच्या पद्धतीनं लसूण घालून मटण नेलं होतं. सगळ्यांनी चमचाभर घेतलं आणि म्हणाले, "हे जरा वेगळंच आहे हं." मी खूश! दोन वर्षं प्रत्येक जेवणाला तेच नेत होते. शेवटी व्हर्लिननं कान लाल करत सांगितलं की "वेगळं" म्हणजे परत आणू नको. दोन वर्षं, लिनेट! जिभेला हाड नसतं म्हणतात, इथं दोनशे लोकांच्या गावात कुणाला जीभच नव्हती.

पण आता तुझ्याशीही थोडं भांडते. तू तो रूडीचा सोफा अजून किती वर्षं मिरवणार? मान्य, शेजारच्या रूडीनं तुला क्वीन्समध्ये नवखी बघून आईमाईवरून शिव्या घातल्या आणि शिव्या घालत घालतच तुझा सोफा चौथ्या मजल्यावर चढवला. तेव्हापासून तुझं ठरलंय की क्वीन्सची माणसं वरून फणस आणि आतून गरे. माझ्या भावाला विसरलीस? आमची आई दवाखान्यात होती तेव्हा कार्माइन व्हरांड्यात छाती बडवून ओरडायचा, "लागेल ते सांग टेरी! जीव देईन!" जीव कुणी मागितला होता? रविवारची एक दुपार आईजवळ बस म्हटलं तर येईना. आला तो थेट आई गेल्यावर, आणि टीव्ही उचलून घेऊन गेला. आरडाओरडा करणारा माणूस मनाचा खरा असतो, असं आपण क्वीन्सवाले उगाच धरून चालतो. तोही एक शिष्टाचारच आहे, फक्त आवाज मोठा.

मला आताशा असं वाटतं, की कुठलीच जागा दयाळू नसते. काही माणसं असतात, आणि तीही रोज नसतात. पण हे तत्त्वज्ञान राहू दे. तुला आईंना फोन करायचाय.

आणि पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, "आईसाठी मी येणार नाही. पण तुला गरज असेल तर येते. आहे का गरज?" अगं, माझं काय घेऊन बसलीस? मी ठणठणीत आहे. रात्री दोनचारदा उठावं लागतं एवढंच, तेवढं कुणालाही उठावं लागतं. माझ्यासाठी नोकरी सोडून धावत येण्याचं काही कारण नाही. प्रश्न आईंचा आहे.

फोन कर.

टेरी


२३ डिसेंबर

लिनेट,

तू फोन केलास. त्याबद्दल आभार. आता ऐक.

मी ओट्याशी बशा पुसत होते. व्हर्लिननं लांब तार लावून फोन खाटेपर्यंत नेला होता. तुझं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, आईंचं येत होतं. त्या म्हणाल्या, "नको गं, एवढ्या लांब कशाला?" मी मनात म्हटलं, झालं एक. मग तू काहीतरी बोललीस. त्या म्हणाल्या, "रस्ते अगदी वाईट आहेत बघ, आणि सणाचं विमानाचं भाडं." दोन झाले. माझ्या हातातली बशी तशीच राहिली.

त्या वाट बघत होत्या. तू हा चेहरा पाहिला नाहीस म्हणून सांगते. मोकळ्या हातानं त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले, बाहेर निघताना सारतात तसे. ओठ जुळवून ठेवले होते, पुढचं वाक्य तयार होतं. आणि तू फोन ठेवलास.

तुटलेल्या फोनचा तो टूंटूं आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू आला. आईंनी फोन कानाचा काढला नाही. मान हलवली. मग त्या मेलेल्या फोनमध्ये अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं मग बाळा, जप स्वतःला. हो, हो, सांगते टेरीला." आणि मग खाली ठेवला.

मला म्हणाल्या, "लिनेटनं तुला आठवण सांगितलीय."

तू असं तोडून फोन ठेवलास हे मला कळू नये म्हणून. माझ्यासमोर तुझी लाज राखली त्यांनी, लिनेट. तुला याला ढोंग म्हणायचं असेल तर म्हण. मी तिथं उभी होते, मला ते ढोंग वाटलं नाही. नंतर मी ओसरीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले, आणि रडताना तुला शिव्या दिल्या, अगदी रूडीच्या पठडीतल्या.

अजून एकदा विचारलं असतंस तर काय गेलं असतं? तुझा ताठा, एवढंच ना?

बाकी गावाचं म्हणशील, तर ओसरीत पाय ठेवायला जागा नाही. तिथं सगळं आपोआप गोठतं, म्हणून रचून ठेवलंय. भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, शेवयांचं हॉटडिश, कशाचं आहे ते न कळणारं हॉटडिश. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. सगळ्याजणी दारातच उभ्या राहतात, पायातले बूट न काढता, आणि बूट न काढलेली बाई थांबणार नसते हे तुला मी सांगायला नको. "सोलवेग कशी आहे?" "तशी बरी." "ऐकून बरं वाटलं. काही लागलं तर सांग हं." "सांगते." की चालल्या. एकीनंही आत येऊन त्या खाटेशेजारच्या खुर्चीवर बूड टेकलेलं नाही. तुझा भाऊ तर पहाटेपासून ट्रॅक्टर घेऊन गावभर लोकांच्या दारातला बर्फ काढत फिरतो. विधवा बायकांच्या दारातला, पाद्र्याच्या दारातला, ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याच्याही दारातला. कुणी आभार मानायला बाहेर आलं तर हा पसार. सोन्यासारखा माणूस. फक्त स्वतःच्या आईजवळ बसवत नाही त्याला. दारातून डोकावतो, "काही हवंय का आई?" म्हणतो, आणि त्या नको म्हणाल्या की सुटका झाल्यासारखा जातो.

परवा चर्चमध्ये नाताळची गाणी चालू असताना मला झोप लागली. बाकाच्या कडेला डोकं आपटलं. कुणी काही बोललं नाही, अर्थात. भट्टीतून ट्रे काढताना हातही भाजून घेतलाय, म्हणून अक्षर असं.

तुझ्या नाताळच्या कार्डात तू पुन्हा लिहिलंयस, "टेरी, खरं सांग. तुला खरंच मदत नको? मी फक्त तुझ्यासाठी येईन." नको म्हटलं ना! कितीदा सांगू? मला काही झालेलं नाही. यायचं तर ज्यांच्यासाठी यायचं त्यांच्यासाठी ये.

टेरी


१२ जानेवारी १९९७

प्रिय लिनेट,

तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. इकडे हवा बरी आहे. गारठा जरा जास्त आहे, पण जानेवारीत तो असायचाच. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलाय, त्यामुळे घर उबदार राहतं.

आई तशा बऱ्या आहेत. जेवण थोडं कमी झालंय. आता त्यांना कुशीवर वळवावं लागतं, पण त्या फार सहकार्य करतात. व्हर्लिन कामात आहे.

तुझं उत्तर आलं नाही, पण तू कामात असशील हे आम्ही समजतो. घाई नाही. सवडीनं लिही. आमची काळजी करू नकोस, आमचं व्यवस्थित चाललंय.

सनीसाइडच्या सगळ्यांना नमस्कार.

टेरी


२६ जानेवारी

लिनेट,

मागचं पत्र फाडून टाक. हे लिहायला बसण्याआधी मी आठवायला लागले की त्यात काय लिहिलं होतं, आणि माझ्या अंगावर काटा आला. "आई फार सहकार्य करतात"! "हवा बरी आहे"! खिडकीबाहेर टाकलेलं उकळतं पाणी खाली पडेपर्यंत गोठतंय, आणि म्हणे हवा बरी आहे. तू ते पत्र वाचून काय म्हणालीस ते मी इथून ऐकू शकते. "टेरी गेली."

आज दुपारी काय झालं ते सांगते.

आर्डिस लिंडक्विस्ट आली. हो, तीच, बाकावरून सरकलेली. हातात झाकलेलं भांडं. दारात उभं राहून तिनं नेहमीचं विचारलं, "काही लागतंय का?"

मी म्हटलं, "छे हो, आमचं मजेत चाललंय."

"मी बसू का थोडी सोलवेगजवळ? तू पड जरा."

"नको हो, तुमचा दिवस कशाला मोडता."

आणि मी दार लोटायला घेतलं. खरंच घेतलं, लिनेट. पण आर्डिसनं भांडं फळीवर ठेवलं, ओसरीतल्या बाकड्यावर बसली आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. पंच्याहत्तरीची बाई, गाठी घट्ट, बोटं गारठलेली, धाप लागलेली. मी आपली वरून, "अहो खरंच नको, अहो राहू द्या," चालूच.

ती मान वर न करता म्हणाली, "टेरी, तुझा ब्लाउज उलटा आहे. जा झोप."

मी गेले. वर तुझ्या पलंगावर, त्या धुतलेल्या चादरीवर, अंगावरच्या कपड्यांनिशी पडले. उठले तेव्हा खाली दिवे लागले होते आणि आर्डिस जेवणघरात आईंना चमच्यानं सूप भरवत होती. हनुवटीवर ओघळ आला की आर्डिस पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची. मला बघून उठली, भांडं विसळून ठेवलं, बूट चढवले. म्हणाली, "गुरुवारी येते." येऊ का, असं विचारलं नाही.

ती तुझ्याबद्दल काही बोलली का? नाही. बोलेल असं वाटतही नाही. तू तिला माफ करावंस असं मी म्हणत नाही, मी कोण म्हणणारी? तुझ्या बाकावरून उठून गेली तीही हीच बाई आणि आज गुडघे मोडत माझ्या ओसरीत बूट काढत बसली तीही हीच, आणि दोन्ही वेळेला तोंडावर तोच शांत, सभ्य भाव असणार. त्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. अकरा वर्षं मी त्या चेहऱ्यांकडं बघत यातला खरा कोण आणि खोटा कोण ते शोधत बसले. आता दमले मी त्याला. बूट काढले की नाही एवढंच बघायचं.

आर्डिस गेल्यावर मी आईंजवळ बसले. त्यांनी विचारलं, "झोप लागली?"

"हो. लाज वाटतेय."

"तू तिला दोनदा नको म्हणालीस."

"ऐकलंत?"

"या खोलीला दार कुठाय?" त्यांचा आवाज आता फार बारीक झालाय, वाकून ऐकावं लागतं. मग म्हणाल्या, "तू नवीन आलीस तेव्हा माझ्या टेबलावर बसून विचारायचीस, अजून आहे का? माझ्या टेबलावर असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सगळे म्हणायचे, पुरे, पोट भरलं, आणि तसेच भुकेले घरी जायचे."

"तुम्ही डोळे मोठे करून बघायचात! मला वाटायचं, ही सासू मला आता घराबाहेर काढतेय."

"मला फार आवडायचं ते."

"मग तसं सांगायचं होतंत, आई!"

"सांगणार कसं?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता नाही मागत तू. आमच्यात राहून तुझं ते गेलं. मला वाईट वाटतं."

मग मला जे दिसलं ते लिहिते. तू मला दोनदा विचारलंस. मी आईंवरून तुला व्याख्यानं झोडत होते, आणि तू मला दोनदा विचारलंस, आणि मी दोनदा नको म्हणाले, आणि तू तिसऱ्यांदा लिहिशील म्हणून रोज टपालपेटीशी जाऊन उभी राहिले. बर्फातून. मला वाटायचं की मी आईंसाठी वाट बघतेय.

तेव्हा आता ऐक. मला गरज आहे. मी थकलेय, लिनेट. त्यांना वळवताना मला मधेच थांबावं लागतं. त्यांचे कपडे बदलताना त्या प्रत्येक वेळी म्हणतात, "माफ कर हं, तुला त्रास," आणि परवा मी त्यांच्यावर ओरडले, "बास करा ते माफ कर!" तर त्या म्हणाल्या, "माफ कर." मी हसायला लागले आणि मग मला हसू थांबवता येईना, व्हर्लिन गोठ्यातून धावत आला. मला रात्रीची भीती वाटते. मी झोपले असताना त्या जातील आणि जाताना त्यांना काही हवं असेल आणि त्या हाक मारणार नाहीत, मला उठवायला नको म्हणून. मला एकटीला हे होत नाही. व्हर्लिनला सांगून उपयोग नाही, तो ऐकेल आणि जाऊन कुणाच्या तरी दारातला बर्फ काढेल. मला माझी मैत्रीण हवी आहे. जिन्यात बसून जिच्याशी मी तारस्वरात भांडायचे ती. तू ये. सभ्यपणानं विचारू नकोस, कळवू नकोस, ये.

आणि आईंचंही लिहिते, कारण त्या लिहिणार नाहीत. आईला तू हवी आहेस.

एवढं लिहीपर्यंत त्या जाग्या होत्या. म्हणाल्या, "काय लिहितेस एवढं?"

"लिनेटला पत्र. ये म्हणून लिहिलंय."

"तिला कशाला त्रास? तिचं काम…"

"तुमच्यासाठी नाही बोलवत. माझ्यासाठी बोलवतेय. मला होत नाही."

मी म्हटलं, "तुमच्यासाठी एकच ओळ घातलीय. वाचू?" मान हलली. मी वाचली. आईला तू हवी आहेस. त्या छताकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, असं कसं लिहिलंस, तिला काय वाटेल. मी पेन त्या ओळीवर टेकवलं आणि विचारलं, "खोडून टाकू का?" खरंच खोडणार होते, लिनेट. त्यांनी हो म्हटलं असतं तर मला जबरदस्ती करायची नव्हती.

पांघरुणातून त्यांचा हात बाहेर आला. माझ्या मनगटापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला. मग त्यांनी पेनासकट माझा हात कागदावरून बाजूला केला.

"खोडू नको," त्या म्हणाल्या.

मी एकदाच विचारलं होतं.

टेरी